विंचू, घोडा आणि अ‍ॅलर्जी : महाडच्या एका डॉक्टरकडून शिकलेलं इम्युनॉलॉजी

मागच्या पावसाळ्यात सुट्टीला घरी, कामणला, गेले होते. आवणीचे दिवस. आमच्या आळीतल्या एका काकूंना शेताच्या बांधावर साप चावला. संध्याकाळपर्यंत पाय पोटरीपर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. जवळच्या एका दवाखान्यात नेलं तर तिथे सांगितलं, "ते इंजेक्शन रिअ‍ॅक्शन देतं, आम्ही रिस्क घेणार नाही, पुढे न्या." पुढे म्हणजे कुठे, तर चिंचोटी-भिवंडी रस्त्यावरच्या ट्रकच्या रांगेतून वाट काढत मोठ्या हॉस्पिटलात. तिथे पोचेपर्यंत दोन तास गेले. तिथे सलाईनमधून सापाची लस, म्हणजे एएसव्ही, सुरू झाली. पंधरा मिनिटांत काकूंच्या अंगभर गांधी उठल्या, थंडी वाजून आली, ओकारी झाली. सलाईन थांबवलं, मांडीत एक इंजेक्शन दिलं, थोड्या वेळाने तीच लस पुन्हा सुरू केली. चार दिवसांनी काकू घरी आल्या. नवव्या दिवशी परत ताप, गुडघे-मनगटं सुजली, अंगावर पुरळ. घरचे म्हणाले, "विष उलटलं."

आणि मग आळीत एक वाक्य फिरायला लागलं : "सापाने नाही, त्या इंजेक्शननेच मारलं असतं."

मी इम्युनॉलॉजीत पीएच.डी. करते, त्यामुळे साहजिकच सगळ्यांनी मला विचारलं, खरं काय ते सांग. मी तेव्हा ओट्यावर बसून दिलेलं उत्तर फार तोकडं होतं. आज नीट लिहिते. कारण त्या एका वाक्यामुळे पुढच्या वेळी कोणीतरी लस घ्यायला नकार देईल किंवा कोणीतरी डॉक्टर द्यायला कचरेल, आणि त्यात माणूस जाईल.

गोष्ट सांगायला मला दोन डॉक्टर लागतील. एक व्हिएन्नाचा, एक महाडचा. दोघांनीही शोध लावला तो प्रयोगशाळेत नाही, तर पेशंटच्या खाटेशेजारी बसून.

'अ‍ॅलर्जी' हा शब्द घोड्यापासून आला

अ‍ॅलर्जी म्हटलं की आपल्याला धूळ, कोळंबी, शेंगदाणे, फार तर मांजर आठवतं. पण हा शब्द जन्माला आला तो औषधाच्या रिअ‍ॅक्शनमधून. तेही नेमकं काकूंना दिलं तशाच औषधाच्या.

1890 च्या दशकात घटसर्पावर नवा उपाय निघाला. घोड्याला विषाचे थोडे थोडे डोस टोचायचे, घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडीज तयार होतात, मग त्याच्या रक्तातला पाण्यासारखा भाग (सीरम) काढून आजारी मुलाला द्यायचा. घोड्याची तयार प्रतिकारशक्ती उसनी घ्यायची, असं समजा. एमिल फॉन बेरिंग यांना यासाठी 1901 मध्ये वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. हीच युक्ती आल्बेर काल्मेत यांनी सापाच्या विषासाठी वापरली. आजही आपल्याकडची सापाची लस अशीच बनते. मुंबईत परळच्या हाफकिनचं नाव तुम्ही ऐकलं असेल, तिथलं कामही याच परंपरेतलं.

सवयीने आपण 'लस' म्हणतो, पण ही लस नव्हे बरं का. लस तुमच्या शरीराला शिकवते. हे प्रतिविष आहे, तयार माल. चावल्यानंतर द्यायचं, आधी देऊन काही उपयोग नाही.

तर व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्के नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्या आणि बेला शिक यांच्या लक्षात आलं की घोड्याचं सीरम दिलेली काही मुलं घटसर्पातून बरी होतात, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा आजारी पडतात. ताप, पुरळ, सुजलेले सांधे. 1905 मध्ये दोघांनी यावर पुस्तकच लिहिलं आणि या दुखण्याला 'सीरम सिकनेस' म्हटलं.

पिर्केंना छळणारा प्रश्न साधा होता : आठच दिवस का? औषधच विषारी असतं तर त्याच दिवशी त्रास झाला असता. आणि ज्या मुलाला काही आठवड्यांनी सीरम दुसऱ्यांदा द्यावं लागलं, त्याला त्रास आठ दिवसांनी नाही, तर लगेच किंवा एक-दोन दिवसांतच का होतो?

उत्तर असं की त्रास औषधातून येत नाही, शरीराच्या उत्तरातून येतो. घोड्याची प्रथिनं आपल्या शरीराला परकी. त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला आठवडाभर लागतो. ती बनली की घोड्याचं प्रथिन आणि आपलं प्रतिपिंड यांच्या जोड्या रक्तात फिरतात, सांध्यांत, त्वचेत, किडनीत अडकतात, आणि तिथे दाह सुरू होतो. दुसऱ्या खेपेला शरीर तयारीत असतं, म्हणून उत्तर लवकर येतं. म्हणजे पहिल्या भेटीनंतर शरीर बदललेलं असतं. या बदललेल्या प्रतिसादाला पिर्केंनी 1906 मध्ये ग्रीक शब्द जोडून नाव दिलं : 'अ‍ॅलर्जी'.

काकूंचा नववा दिवस आठवला? विष उलटलं नव्हतं. विष केव्हाच निकामी झालं होतं. पिर्केंनी सव्वाशे वर्षांपूर्वी मोजलेले तेच दिवस काकूंच्या शरीराने मोजले. हा त्रास बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत जातो, जास्त असेल तर डॉक्टर थोडे दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. फक्त, घरी पाठवताना कोणीतरी हे सांगायला हवं होतं.

आता महाडला जाऊ

डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरिबीतून शिकलेले, नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजातून एम.बी.बी.एस. झालेले. 1976 मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे त्यांच्यासमोर रात्री-बेरात्री विंचू चावलेली माणसं यायची, बरीचशी लहान मुलं. कोकणातला हा लाल विंचू दिसायला छोटा, पण भलताच जहाल. मुलं घामाने निथळत असायची, हातपाय बर्फासारखे गार. काही तासांत धाप लागायची, तोंडाला गुलाबी फेस यायचा आणि मूल जायचं.

त्या काळी अशा पेशंटला काय देत? अँटिहिस्टामिन, स्टिरॉइड, अ‍ॅट्रोपिन, गुंगीची औषधं. यातली पहिली दोन ओळखीची वाटली असतील, ती अ‍ॅलर्जीची औषधं आहेत. काहीतरी चावलंय, पेशंट ढासळतोय, तर अ‍ॅलर्जीसारखं समजून उपचार करा, असा एकूण प्रकार. बावस्करांना दिसत होतं की याने मुलं वाचत नाहीत.

मग त्यांनी काय केलं? पेशंटजवळ बसले. नाडी, ब्लड प्रेशर, हातापायाचं तापमान, घाम, श्वास, सगळं तासातासाला लिहून काढलं. एका आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरकडे यापेक्षा वेगळं साधन नव्हतंच. आणि या नोंदींतून एक क्रम दिसायला लागला. आधी ब्लड प्रेशर खूप *वाढतं*. मग हृदय थकतं. मग फुफ्फुसांत पाणी भरतं. 1982 मध्ये त्यांचा हा अभ्यास 'लॅन्सेट' या लंडनच्या नियतकालिकात छापून आला : लाल विंचवाचा दंश हृदयावर जाणार आहे हे आधी कोणत्या लक्षणांवरून ओळखायचं.

ब्लड प्रेशर वाढतं, या शब्दांचं महत्त्व कळायला आपल्याला अ‍ॅलर्जीचा झटका आणि विंचवाचा दंश शेजारी ठेवून बघावा लागेल.

उलट्या दिशेची दोन वादळं

समजा एखाद्याला गांधीलमाशीची अ‍ॅलर्जी आहे. पूर्वीच्या डंखानंतर त्याच्या शरीराने आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवून ठेवली आहेत. ती मास्ट पेशींवर चिकटून बसलेली असतात, आणि मास्ट पेशी म्हणजे हिस्टामिनने ठासून भरलेल्या पिशव्या. पुन्हा डंख झाला की सगळ्या पिशव्या एकदम फुटतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांच्यातून पाणी झिरपतं, गांधी उठतात, घशाला सूज येते, ब्लड प्रेशर *कोसळतं*. याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. उपाय एकच, अ‍ॅड्रेनालिन. ते रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं, मास्ट पेशींना आवर घालतं.

लाल विंचवाचं विष याच्या बरोब्बर उलट वागतं. ते आपल्या नसांमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं. दार बंदच होत नाही म्हटल्यावर नसा सतत पेटलेल्या राहतात आणि शरीर स्वतःचंच अ‍ॅड्रेनालिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन पुराच्या पाण्यासारखं सोडतं. रक्तवाहिन्या घट्ट आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलायला जिवाचा आटापिटा करावा लागतो, आणि शेवटी ते हार मानतं.

म्हणजे अ‍ॅलर्जीत जे वाचवतं, तेच इथे मारतं! दोन्ही पेशंट घामेजलेले, घाबरे, धापा टाकत दवाखान्यात येतात. दुरून सारखेच दिसतात. पण एकाला अ‍ॅड्रेनालिन हवं असतं आणि दुसऱ्याला त्यापासून सुटका.

एकदा हे कळलं की पुढचा प्रश्न सोपा होतो : आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध कोणतं? ते बाजारात होतंच. प्राझोसिन, ब्लड प्रेशरची गोळी. नॉरअ‍ॅड्रेनालिन रक्तवाहिनीवर ज्या जागी बसतं, ती जागा ही गोळी अडवते. स्वस्त, तोंडाने घ्यायची, कुठल्याही आरोग्य केंद्रात ठेवता येणारी. 1986 मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. त्यांच्या भागात गंभीर दंशाच्या पेशंटांपैकी पूर्वी चाळीस टक्क्यांच्या आसपास दगावत, ते प्रमाण प्राझोसिननंतर एका टक्क्याच्या घरात आलं.

या सगळ्यात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने आहेत, कित्येक शोधनिबंधांवर दोघांची नावं आहेत. मधल्या काळात ते पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एम.डी. झाले. त्यानंतर शहरात राहता आलं असतं. ते परत महाडलाच आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं आत्मचरित्र 'बॅरिस्टरचं कार्टं' मराठीत आहे, जरूर वाचा.

मग घोडा परत येतो

प्राझोसिन विषाचा परिणाम रोखतं, विष मात्र रक्तात तसंच असतं. विष पकडायचं तर प्रतिपिंडं हवीत. हाफकिनने लाल विंचवावरचं प्रतिविष बनवलं होतं, पण ते दिल्याने नेमका किती फरक पडतो? बावस्कर दांपत्याने महाडला त्याची रीतसर चाचणी घेतली. विंचवाच्या विषबाधेची लक्षणं असलेले 70 पेशंट, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. एकाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निकाल छापला : दोन्ही मिळालेले पेशंट सरासरी 8 तासांत बरे झाले, फक्त प्राझोसिनवाल्यांना जवळजवळ 18 तास लागले.

आता या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता भाग. विंचवाच्या प्रतिविषाची अ‍ॅलर्जिक रिअ‍ॅक्शन तुलनेने कमी दिसते. सापाच्या प्रतिविषाची मात्र पुष्कळ. घोडा तोच, बनवण्याची पद्धत तीच, मग फरक का? यावर दिलं जाणारं स्पष्टीकरण तुम्ही आता स्वतःच ओळखू शकाल. विंचू चावलेल्या माणसाच्या रक्तात आधीच अ‍ॅड्रेनालिनचा पूर आलेला असतो. तोच पूर त्याला प्रतिविषाच्या रिअ‍ॅक्शनपासून सांभाळतो. जे वादळ त्याला मारायला निघालं होतं, ते जाता जाता त्याच्या मास्ट पेशी शांत ठेवून जातं.

सापाच्या लसीची रिअ‍ॅक्शन : काकूंना नेमकं काय झालं

साप चावलेल्या माणसाकडे हा पूर नसतो. शिवाय लागणारा डोसही मोठा. हिशेब करून बघा. आपल्याकडचं प्रतिविष चार सापांवर चालतं : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. एक मिलिलिटर प्रतिविष घोणशीचं 0.6 मिलिग्रॅम विष निकामी करतं. एका कुपीत 10 मिलिलिटर, म्हणजे एक कुपी 6 मिलिग्रॅमला पुरते. घोणस एका चाव्यात सरासरी साठ-त्रेसष्ट मिलिग्रॅम विष सोडते. म्हणून सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी करावी लागते. लहान मुलालाही डोस तेवढाच, कारण मूल लहान म्हणून साप विष कमी सोडत नाही. दहा कुप्या म्हणजे घोड्याची बरीच प्रथिनं थेट शिरेत. शरीराने हरकत घेतली तर नवल नाही.

इथे एक कोडं आहे. काकूंना आयुष्यात पहिल्यांदाच प्रतिविष दिलं. मग आधीची ओळख नसताना रिअ‍ॅक्शन कशी? कारण प्रतिविषाच्या बहुतेक तातडीच्या रिअ‍ॅक्शन गांधीलमाशीच्या अ‍ॅलर्जीसारख्या आयजीईमुळे होतच नाहीत. प्रथिनांचे गठ्ठे आणि अशुद्धी शरीराची संरक्षण यंत्रणा थेट डिवचतात. पिशव्या त्याच फुटतात, फक्त किल्ली वेगळी.

याचा एक फार उपयोगी अर्थ निघतो. आधी त्वचेवर थोडं टोचून बघू, फुगलं तर लस द्यायची नाही, ही 'टेस्ट डोस'ची पद्धत इथे कुचकामी आहे. त्वचेची चाचणी आयजीई शोधते, आणि इथे दोषी आयजीई नसतेच. 1986 मध्ये थायलंडमधल्या अभ्यासात हेच दिसलं की अशा चाचणीवरून कोणाला रिअ‍ॅक्शन येणार ते आधी कळत नाही. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही टेस्ट डोस देऊ नका असंच सांगतात. त्यात वेळ जातो आणि खोटा धीर किंवा खोटी भीती तेवढी मिळते.

मग रिअ‍ॅक्शन टाळायची कशी? श्रीलंकेत भारतात बनलेलंच प्रतिविष वापरतात. तिथे सुमारे 1000 पेशंटांवर एक मोठी चाचणी झाली, 2011 मध्ये तिचे निकाल आले. प्रतिविष सुरू करण्याआधी तीन औषधांपैकी कशाचा उपयोग होतो ते तपासलं : अँटिहिस्टामिन, स्टिरॉइड आणि अगदी कमी डोसातलं अ‍ॅड्रेनालिन. पहिल्या दोघांनी काही फरक पडला नाही. अ‍ॅड्रेनालिनने पहिल्या तासातल्या गंभीर रिअ‍ॅक्शन 43 टक्क्यांनी कमी झाल्या.

त्याच अभ्यासात दिसलं की जवळजवळ तीन-चतुर्थांश पेशंटांना लहानमोठी रिअ‍ॅक्शन आलीच. म्हणजे काकूंचं झालं ते काही अघटित नव्हतं. तो त्या औषधाचा माहितीतला, अपेक्षित त्रास. आणि त्यावर उपाय आहे : सलाईन थांबवा, मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनालिन द्या, पेशंट सावरला की प्रतिविष हळूहळू पुन्हा सुरू करा. त्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी अगदी हेच केलं. त्यांनी चूक निस्तरली नाही, त्यांनी बरोबर उपचार केले.

आता आळीतल्या वाक्याला माझं उत्तर असं : रिअ‍ॅक्शनवर मिनिटांत काम करणारं, काही रुपयांचं औषध आहे. रक्तात शिरलेल्या सापाच्या विषावर प्रतिविष सोडून दुसरं काहीही नाही. दोन धोके समोर असतील तर ज्यावर उपाय आहे तो पत्करायचा.

आणि हे पत्करणं किती गरजेचं आहे याचा आकडा सांगते. 2020 मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली. म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. बहुतेक मरण खेड्यात, सुमारे निम्मं पावसाळ्यात, आणि कित्येकांचं हॉस्पिटलात पोचण्याआधी.

आपल्यासाठी कामाचं

कामणदुर्गाच्या पायथ्याशी भातशेती, आजूबाजूला गोदामं आणि वीटभट्ट्या. उंदीर भरपूर, म्हणून सापही. तेव्हा हे लिहून ठेवा.

- साप चावल्यास हात-पाय हलवायचा नाही, लाकडाची पट्टी लावून आधार द्यायचा. जोडवी, पैंजण, अंगठी, बांगड्या लगेच काढायच्या, सूज आल्यावर निघत नाहीत. करकचून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही, प्रतिविष चारही सापांवर एकच असतं.
- 108 ला फोन करा, आणि निघण्याआधी विचारा : "एएसव्ही आहे का?" डॉक्टर विषबाधा ओळखायला एक साधी चाचणी करतात. काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं हात न लावता ठेवतात. गोठलं नाही तर रक्तावर विषाचा परिणाम झालाय. मण्यारच्या चाव्यात रक्त गोठतं, तिथे पापण्या जड होणं, गिळता न येणं यावर लक्ष ठेवतात.
- प्रत्येक चाव्याला प्रतिविष लागत नाही. साप बिनविषारी असू शकतो, किंवा विषारी सापाचा चावा कोरडा असू शकतो. पण डॉक्टरांनी लागेल म्हटलं तर "रिअ‍ॅक्शन येईल" म्हणून नाही म्हणू नका. पूर्वी कधी प्रतिविष घेतलं असेल, दमा असेल, तर आधीच सांगा. त्यामुळे लस नाकारत नाहीत, अ‍ॅड्रेनालिन हाताशी भरून ठेवतात.
- लहान दवाखान्यातल्या डॉक्टर मंडळींना नम्र विनंती : पहिला डोस सुरू करून पुढे पाठवा. दोन तासांत विष बरंच काम उरकतं. भीती रास्त आहे, पण तिचं औषध तुमच्याच ट्रेमध्ये असतं.
- विंचू चावला आणि फक्त दुखतंय, तर बहुधा धोका नाही. पण मुलाला दरदरून घाम, गार हातपाय, उलट्या असं काही दिसलं तर एक मिनिटही थांबू नका.
- प्रतिविष घेतल्यावर दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, पुरळ आलं तर घाबरू नका, पण डॉक्टरांकडे परत जा. जुना कागद घेऊन जा.

पुढे काय चाललंय

सव्वाशे वर्षं झाली, आपण अजून घोड्यावरच अवलंबून आहोत. घोड्याची प्रतिपिंडं कापून त्यांचा शेपटीकडचा भाग काढून टाकतात, त्याने त्रास थोडा कमी होतो. पण परकं ते परकंच. म्हणून माणसाची प्रतिपिंडं प्रयोगशाळेत बनवायचे प्रयत्न सुरू आहेत. 2024 मध्ये अमेरिकेतली स्क्रिप्स संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या संशोधकांनी असं एक मानवी प्रतिपिंड दाखवलं, जे नाग, मण्यार, आफ्रिकेतला ब्लॅक माम्बा अशा सापांच्या एका प्रकारच्या विषापासून उंदरांना वाचवतं. माणसांपर्यंत यायला वेळ आहे, आणि घोणस-फुरशाचं विष हा वेगळाच गुंता. पण दिशा तीच.

माझ्या स्वतःच्या कामात मी दिवसभर यंत्रांवर पेशी मोजत असते. एखाद्या दिवशी आकडे काहीच बोलत नाहीत, तेव्हा मला बिरवाडीची ती खोली आठवते. पिर्केंनी दिवस मोजले, बावस्करांनी ब्लड प्रेशर मोजलं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं तेच, पण ते कोणी ओळीने लिहून ठेवलं नव्हतं.

काकू यंदा पुन्हा आवणीला उतरल्या आहेत. गमबूट घालतात, कुरकुर करत का होईना. हॉस्पिटलचा डिस्चार्ज पेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवलाय. त्यावर तीन ओळी आहेत : एएसव्ही दिलं, रिअ‍ॅक्शन आली, अ‍ॅड्रेनालिन देऊन पुन्हा सुरू केलं. पुढच्या डॉक्टरला हव्या असलेल्या सगळ्या गोष्टी त्यात आहेत. तुमच्या घरात असा कागद असेल तर तोही जपून ठेवा.